युरोपच्या सहलीचा हिशेब

वर्तमानपत्रात परदेशी सहलींच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हसणारे कुटुंब आणि मध्ये ठळक अक्षरांत एक रक्कम. त्या रकमेच्या डोक्यावर एक लहानशी चांदणी असते. चांदणीचा अर्थ खाली इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो की, चष्मा लावूनही तो वाचता येत नाही. मी आणि माझी पत्नी २०२४ च्या मे महिन्यात युरोपला जाऊन आलो. तेव्हापासून गावात जो भेटतो तो विचारतो, "काका, किती खर्च आला?" जाहिरातीतली रक्कम सांगितली तर ते खोटे होईल आणि खरी रक्कम सांगायची तर बरेच काही सांगावे लागेल. आज तुम्हांला ते सगळेच सांगतो.

आमचे गाव जांभूळ. अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे आमच्या शेजारी, आणि उल्हास नदी जवळून वाहते. बारवी धरणाचे पाणी शुद्ध करून कारखान्यांना आणि शहरांना पुरवणारे औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आमच्याच गावात आहे. मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३४ वर्षे यंत्रावर काम केले. पत्नीने घर आणि शेत सांभाळले. तिची एकच इच्छा होती, बर्फ पाहायचा. तिने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून काही रक्कम आम्ही त्यासाठी बाजूला ठेवली होती.

जाहिरातीत माणशी १,८९,००० रुपये लिहिले होते. दहा दिवस, तीन देश. दोघांचे झाले ३,७८,०००. चांदणी म्हणत होती, 'कर वेगळे'. त्यावर पाच टक्के जी.एस.टी. लागला, म्हणजे १८,९०० रुपये. मग आणखी एक कर निघाला, टी.सी.एस. परदेशी सहलीच्या रकमेवर सहल विकणाऱ्याने हा कर गोळा करून सरकारकडे भरायचा, असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. त्याचे दर सरकार अधूनमधून बदलते. आमच्या वेळी तो आम्हांला पाच टक्क्यांनी पडला, १९,८४५ रुपये. हा पैसा बुडत नाही. आयकराचे विवरणपत्र भरले की, तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण निघताना तो खिशातून काढून द्यावाच लागतो, हे लक्षात ठेवा.

पैशांचे निभावले. खरी परीक्षा पुढे होती. तिचे नाव व्हिसा.

पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली प्रवेशाची परवानगी. युरोपातील २९ देशांसाठी एकच व्हिसा चालतो. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे कोणा पुढाऱ्याचे नाव नव्हे. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातले ते मोझेल नदीकाठचे एक लहान गाव आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी तेथे नदीतल्या एका बोटीवर करार केला की, आपापसांतल्या सीमांवरची तपासणी बंद करायची. २६ मार्च १९९५ पासून तो करार प्रत्यक्षात आला. एका खेडेगावाचे नाव आज लाखो लोकांच्या पासपोर्टवर छापले जाते, याचे मला मोठे नवल वाटते. आमच्याही गावाजवळून नदी वाहते. पण जांभूळचे नाव अजून पासपोर्टवर आलेले नाही!

या व्हिसासाठी काय काय लागते? विमानाच्या आणि हॉटेलच्या आरक्षणाचे कागद, बँकेची खाती, आयकराची विवरणपत्रे, पेन्शनचा दाखला, ठरावीक मापाचे फोटो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. सर्वांत चमत्कारिक कागद म्हणजे आमचा सातबारा. अर्ज भरून देणारा मुलगा म्हणाला, "काका, जमिनीचा कागद असेल तर जोडा. तुम्ही परत याल, याचा तो पुरावा होतो."

मला प्रथम हसू आले. पिढ्यान्पिढ्या आम्ही याच मातीत राहिलो. भाताचे शेत, विहीर, दोन आंबे एवढे सोडून मी या वयात पॅरिसला राहायला जाणार होतो का? मग हसू ओसरले. एवढ्या सगळ्या कागदांमागे प्रश्न एकच होता, 'हा माणूस परत जाईल ना?' तो प्रश्न मला कोणी तोंडाने विचारला नाही. विचारला असता तर मी एका वाक्यात उत्तर दिले असते. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, त्याचे पैसे दिले आणि तो फाईलमध्ये लावला.

मग बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. बदलापूरहून सकाळची लोकल आणि तिची गर्दी तुम्हांला माहीतच आहे. माझे ठसे लगेच उमटले. पत्नीचे उमटेनात. तिने हात पुसले, पुन्हा बोटे ठेवली. यंत्र पुन्हा नाही म्हणाले. तेथली मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली, "आजी, घाई करू नका." पत्नी संकोचून म्हणाली, "भात लावून लावून झिजली असतील गं." पाचव्या की सहाव्या खेपेला यंत्राने एकदाचे होकार दिला.

व्हिसाची फी तेव्हा मोठ्या माणसाला ८० युरो होती. ११ जून २०२४ पासून ती ९० युरो झाली. सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना तेव्हापासून ४५ युरो पडतात आणि सहा वर्षांखालच्या बाळांना काहीच नाही. त्या मे महिन्यात एक युरो सुमारे ९० रुपयांना पडत होता. अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क, फोटो आणि भाषांतर धरून आम्हां दोघांचे साडेअठरा हजार रुपये झाले. अर्ज नाकारला गेला तर फी परत मिळत नाही. २०२४ या एका वर्षात भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतील सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. हा आकडा मला नंतर कळला, ते बरेच झाले. आधी कळला असता तर झोप लागली नसती. सर्वसाधारणपणे १५ दिवसांत निर्णय होतो. पण ४५ दिवसही लागू शकतात. आमचे पासपोर्ट हाती आले ते निघायच्या फक्त चार दिवस आधी. तोवर सहलीचे सर्व पैसे भरून झाले होते. त्या दिवसांत आमच्या घरी कोणी मोठ्याने बर्फाचे नाव काढत नव्हते.

पूर्वी असे नव्हते. १९०८ साली जंजिऱ्याच्या नाझली बेगम युरोपला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांचे 'सैर-ए-युरोप' हे उर्दू प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. आपल्या कोकणातून गेलेल्या एका स्त्रीने युरोपवर उर्दूत पुस्तक लिहिले, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या काळी बोटीने जावे लागे आणि असा प्रवास राजघराण्यांना किंवा धनिकांनाच परवडे. पण १९१४ चे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी युरोपातल्या बहुतेक देशांत प्रवाशाकडे कोणी पासपोर्ट मागत नसे. आता उलटे झाले आहे. कारखान्यातला कामगारही विमानाने जाऊ शकतो. पण त्याची फाईल त्याच्या बॅगेपेक्षा जड असते.

विमान पॅरिसला उतरले. आमच्या गटात बत्तीस माणसे होती. दुसऱ्याच दिवशी मार्गदर्शकाने बजावले होते की, पैशांची पिशवी पोटावर बांधा, खांद्यावर लटकवू नका. गर्दीच्या ठिकाणी खिसेकापूंच्या टोळ्या असतात. तरी व्हायचे ते झाले. डोंबिवलीचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी आमच्या शेजारी बसत असत. भुयारी रेल्वेत चढताना दोन मुली वहिनींच्या अंगावर रेलल्या, दार लागले आणि मुली बाहेर राहिल्या. वहिनींच्या पिशवीची साखळी उघडी होती. पैसे गेले, ते थोडेच होते. दोघांचे पासपोर्टही त्याच पिशवीत होते.

पासपोर्ट हरवला की काय होते, ते मी जवळून पाहिले. आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवायची. तिची प्रत घेऊन आपल्या दूतावासात जायचे. तेथे तातडीचा दाखला मिळतो. पण तो फक्त भारतात परतण्यासाठी असतो. पासपोर्टबरोबर त्यावर चिकटवलेला व्हिसाही गेलेला असतो. म्हणजे पुढची सहल संपली. आमची बस दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता स्वित्झर्लंडकडे निघणार होती. दोन माणसांसाठी तीस माणसे थांबू शकत नव्हती. त्या दोघांची परतीची तिकिटे रोमहून होती. आता पॅरिसहून नवी काढायची होती. विम्यातून पासपोर्टचा आणि काही तिकिटांचा खर्च त्यांना पुढे मिळाला. राहिलेल्या सात दिवसांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. बस निघण्यापूर्वी वहिनी खाली आल्या आणि त्यांनी लोकरीचे हातमोजे माझ्या पत्नीच्या हातात ठेवले. म्हणाल्या, "मला आता कशाला हवेत? तुम्ही बर्फावर घाला." बसमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही.

तुम्ही कधी परदेशी गेलात तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन प्रती करून वेगळ्या बॅगांत ठेवा. कुटुंबातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवू नका. प्रत मिळाली तरी बस थांबत नाही, हे खरे. पण दूतावासातले काम लवकर होते.

बसचाही एक गंमतीदार नियम आहे. तिथे चालकाने साडेचार तास गाडी चालवली की, त्याला पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. रात्रीची विश्रांतीही ठरलेली असते. गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते आणि नियम मोडला तर दंड होतो. त्यामुळे आमचा मार्गदर्शक सतत घड्याळ पाही. एखाद्या सुंदर तळ्याकाठी फोटो काढायला वीस मिनिटे मिळत आणि मग आडरानातल्या पेट्रोल पंपावर पाऊण तास बसावे लागे. गटातले लोक कुरकुर करत. मला मात्र तो नियम आवडला. चालकांच्या कामाच्या तासांचा कायदा आपल्याकडेही आहे. तो असाच काटेकोर पाळला गेला, तर आपल्या घाटांतून रात्री जाणाऱ्या किती घरांची काळजी मिटेल!

त्या पंपावर स्वच्छतागृहात जायलाही पैसे पडतात. कुठे अर्धा युरो, कुठे एक. एक युरो म्हणजे तेव्हा सुमारे नव्वद रुपये होते. म्हाताऱ्या माणसांना दिवसातून चार वेळा जावे लागते, आणि नाण्यांशिवाय दार उघडत नाही. पहिल्या दोन दिवसांत आमच्या गटातले सगळे जण नाण्यांचे व्यापारी झाले. स्वित्झर्लंडमध्ये तर युरोही नाही, तिथे फ्रँक चालतो. युरोची नोट दिली की, सुटे पैसे फ्रँकमध्ये परत येतात आणि ते पुढच्या देशात निरुपयोगी ठरतात. कार्डाने पैसे दिले तर यंत्र विचारते, रुपयांत देणार की युरोत? रुपये ओळखीचे म्हणून माणूस तिकडे वळतो. पण त्यात दर महाग लावलेला असतो. तिथलेच चलन निवडावे.

पाण्याची गोष्ट मला सविस्तर सांगितली पाहिजे. कारण मी जांभूळचा आहे. उपाहारगृहात पाण्याची बाटली तीन-चार युरोंना मिळते. आमच्या गटातल्या लोकांना वाटे की, परदेशी जाऊन नळाचे पाणी पिणे बरे दिसत नाही. पण त्या शहरांत नळाचे पाणी पिण्यासारखेच असते. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस नावाच्या गृहस्थाने १८७२ मध्ये रस्त्यांवर हिरव्या रंगाच्या सुंदर पाणपोया बसवून दिल्या. त्या अजून आहेत. रोममध्ये १८७४ पासून लोखंडी नळ आहेत. लोक त्यांना 'नासोने' म्हणजे मोठे नाक म्हणतात. तोटी खरोखर नाकासारखी वाकलेली असते. असे सुमारे अडीच हजार नळ शहरभर रात्रंदिवस वाहत असतात. तोटीच्या तोंडावर बोट धरले की, वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि सरळ तोंडात येते. मी ते पाणी चाखून पाहिले. थंड आणि गोड होते. त्यानंतर आम्ही दोघांनी एकही बाटली विकत घेतली नाही. आपल्याकडे पाणपोई घालणे हे पुण्याचे काम मानतात, सबील लावणे तुम्हांलाही ठाऊक आहे. युरोप महाग आहे. पण तहानलेल्या माणसासाठी रस्त्यावर पाणी ठेवण्याची रीत तिथेही आहे. फक्त ती जाहिरातीत नसते.

व्हेनिसला पोहोचलो तो शनिवार होता. हे शहर पाण्यात वसलेले आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. शहरात रात्री न राहता नुसते फिरायला येणाऱ्यांकडून गर्दीच्या काही दिवशी प्रवेशशुल्क घ्यायला तेथल्या पालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून सुरुवात केली होती. माणशी पाच युरो. आमचे हॉटेल शहराबाहेर होते, म्हणून आम्हांला ते लागले. पुढच्या वर्षीपासून उशिरा नाव नोंदवणाऱ्याला दहा युरो झाले. एखादे संग्रहालय किंवा किल्ला पाहायला तिकीट असते हे ठीक; पण अख्ख्या शहराला तिकीट? आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तिथे आजही कोणी तिकीट मागत नाही.

पण रागावण्याआधी दुसरी बाजूही पाहू. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट २२ वरून ३२ युरो केले. हे वाचून आमच्या गटातल्या एकाने मला फोन करून खूप संताप व्यक्त केला. मी त्याला विचारले, "घारापुरीच्या लेण्यांचे तिकीट आठवते का?" भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६००, असा दर तिथे २०१८ पासून आहे. तो म्हणाला, "ते वेगळे." काय वेगळे, ते काही त्याला सांगता आले नाही.

हॉटेलांत राहण्याचा शहरकर वेगळा द्यावा लागतो. इटलीत तो रोज माणशी मोजतात. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. आम्ही तिकडे गेलो नाही, ते एका परीने बरे झाले.

आणि बर्फ? टिटलिस डोंगरावर आम्ही गोल फिरणाऱ्या पाळण्यातून गेलो. वरचे स्थानक ३,०२० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातही पांढरेशुभ्र होते. पत्नीने डोंबिवलीच्या वहिनींचे हातमोजे घातले, मग एका हाताचा काढला आणि झिजलेल्या बोटांनी बर्फ दाबून पाहिला. म्हणाली, "अहो, याला वास नाही." आम्हांला वर पन्नास मिनिटे मिळाली होती. तिने ती सगळी बाहेर उभे राहून काढली, दुकानात पाऊल टाकले नाही.

घरी आल्यावर मी हिशेब वहीत मांडला. सहलीचे ३,७८,०००, दोन कर मिळून ३८,७४५, व्हिसाचे १८,५००, विम्याचे ५,०००, मार्गदर्शक आणि चालक यांना द्यायची बक्षिसी ५,४००, हॉटेलांचा शहरकर ५,४००, व्हेनिसचे शुल्क, स्वच्छतागृहे, चहा-कॉफी आणि पहिल्या दिवसांतल्या पाण्याच्या बाटल्या मिळून ६,३००, गरम कपडे आणि बूट ९,०००, जांभूळ ते मुंबई विमानतळ गाडीचे जाता-येता ५,०००. एकूण ४,७१,३४५ रुपये. कोणी विचारले की, मी हीच रक्कम सांगतो. टी.सी.एस.चे १९,८४५ रुपये पुढे विवरणपत्र भरल्यावर बँकेत जमा झाले. त्यांत मागच्या पडवीची फुटलेली कौले बदलून घेतली. हातमोजे धुऊन, वाळवून डोंबिवलीला नेऊन दिले. वहिनींचे नवे पासपोर्ट आले आहेत. व्हिसासाठी काय काय कागद लागतात, ते त्यांनी आमच्याकडून पुन्हा लिहून घेतले आहे.